तोंड बंद असलेला फोटो

१२ नोव्हेंबर, सकाळ
रागिणी आली अमरावतीहून. माही नात. राजापेठेत खोली घेऊन राहते, लग्नाचे फोटो काढते. सोताले फ्रीलान्सर म्हणते. तिचा बाप, माहा पोरगा भगवंता, म्हणे, नोकरी नसली का त्याले तसं म्हणतात. आता लग्नं नाहीत तं आपल्या संत्र्याच्या बगिच्यात पर्सनल वर्क करणार, मंग अमरावतीले त्याचं एक्झिबिशन लावणार म्हणे. म्हटलं, पर्सनल आहे तं लोकाइले काहून दाखवते? नुसती हसली. मी पुढं काही बोलली नाही. माहा स्वभावच कमी बोलायचा.

दुपार
भिंतीवर माह्या बुढ्याचा फोटो आहे, हार घातलेला. बाजूचा खिळा रिकामा. तो माहा. मरायची घाई नाही, पण आज मेली तं भगवंता आधार कार्डावरचाच मोठा करून टांगन. त्यात मी कोंबडीचोर दिसते. शेजारच्या माणिकबाईनं आपला आताच करून ठेवला, स्टुडिओत. मागं बर्फाचे डोंगर. बाई शेंदूरजन्याच्या पुढं कधी गेली नाही.
ठरलं. रागिणीकडून एक चांगला काढून घ्यायचा.

१३ नोव्हेंबर
हिरवं लुगडं. पावडर. खुर्चीवर बसली. रागिणी म्हणे, आजी, पावडर पुस, नॅचरल पाह्यजे. म्हटलं, नॅचरल पाह्यजे तं बगिच्यात जा, माकडं बसली आहेत. मंग म्हणे, जरा बोलणं थांबव. मी बोलूनच नव्हती राहिली. उजेड कोणत्या अंगानं घ्यायचा तेवढं सांगितलं. अन् तिच्या मायनं माहं पोलकं किती ढगळ शिवलं, ते.

१५ नोव्हेंबर
बगिच्यात तोड चालू. बाया संत्रं टोपल्यात ठेवत नाहीत, फेकतात. एकीले दोन शब्द समजावले. दुपारपर्यंत समजावले. रागिणी झाडामागून क्लिक क्लिक करून राहिली. मी पदर नीट करायच्या आतच काढते. हे काम तिले कोणं शिकवलं देव जाणे.

१६ नोव्हेंबर
आजपासून मौन. फोटो चांगला येते.
चहात साखर नव्हती. सुनेले सांगणं भाग होतं. मौन उद्यापासून.

१७ नोव्हेंबर
रातभर मौन मस्त जमलं. मंग उठली.
बगिच्यात माकडं आली. माकडाइले मौन समजत नाही.

१९ नोव्हेंबर
रागिणी गेली. जाताना म्हणे, आजी, तुहा असा भारी फोटो आला, एक्झिबिशनमध्ये सगळ्यात मोठा तोच लावते. माणिकबाईले सांगितलं, सहज. तिच्या जावेले, दूधवाल्याले, तेही सहजच. मले काही फोटोची हौस नाही. भगवंताले म्हटलं, फ्रेम पाहून ठेव.

७ डिसेंबर, अमरावती
माणिकबाईले मुद्दाम सोबत आणली. पाहू दे.
फोटो दाराएवढा. मीच. पदर कमरेले खोचलेला, हातात चप्पल, तोंड असं उघडं का पार मागची दाढ दिसते. वर झाडावर माकड, माफी मागून राहिल्यासारखं. लोक थांबून थांबून पाहत होते. एक चष्मेवाला म्हणे, किती जिवंत फोटो आहे. म्हटलं, बाबा, मेल्यावर लावायचा होता.
माणिकबाई म्हणे, हुबेहूब तूच, पार्बते. एवढंच. मंग चहा पितानाही हसून राहिली.
रागिणीले बाजूले घेतलं. म्हटलं, दुसरा दे, तोंड बंद असलेला. तिनं कॅमेऱ्यात सारेच दाखवले. खुर्चीवरचे, टोपल्यापाशीचे, चहाचे. म्हणे, आजी, एकातही नाही. देवापुढं हात जोडले तिथंही तू माह्या आईले बोलून राहिली.
कॅमेऱ्यातच काही बिघाड असन. मी तिले तसं सांगितलं, चांगलं समजावून. हॉलवाला येऊन म्हणे, मावशी, जरा हळू.

८ डिसेंबर
भगवंता फ्रेम घेऊन आला. म्हणे, माय, दे फोटो.
आधार कार्ड दिलं.
त्यात तोंड तरी बंद आहे.