बाकडं चालायला लागलं

सोमवार, ६ जानेवारी २०२५

एसटी स्टँड किल्ल्याच्या खंदकात गेला! बब्रुवानमुळं.

झालं असं. पुण्याच्या कुठल्याशा कॉलेजातून एक टेबल आलंय, वाचनालयाच्या हॉलमध्ये ठेवलंय. टेबल म्हणजे आडवा टीव्हीच. त्यावर आमचं अख्खं परंडा वरून दिसतं. बोटानं झाड उचलायचं, रस्ता सरकवायचा, हवा तिथं दिवा लावायचा. स्टँडसमोरचा चौक नव्यानं करायचाय, तो कसा असावा हे गावानं या टेबलाभोवती उभं राहून ठरवायचं म्हणे. आता नवी वस्तू आली म्हटल्यावर पूजा आलीच. बब्रुवान, चौकातला हॉटेलवाला, पुढंपुढं करण्यात पहिला. त्यानं हळदकुंकू वाहिलं, मूठभर अक्षता टाकल्या आणि मधोमध नारळ ठेवला. टेबलाला वाटलं, एवढी बोटं! त्याच्या लेखी प्रत्येक दाणा म्हणजे एक बोट. रस्ते ताणले गेले, पाण्याची टाकी शाळेवर जाऊन बसली, आणि स्टँड खंदकात. बब्रुवान हात जोडून उभाच.

टेबल सांभाळायला शिवांजली म्हणून आहे, तिशीची असेल, कळंबची. तिनं कपाळाला हात लावला. मग ती आणि मी ब्रशनं अक्षता झाडत बसलो. शाळेत आयुष्यभर खडूची धूळ झाडली, निवृत्तीनंतर हे!

नारळ मात्र फोडला. गोड निघाला.

मंगळवार, ७ जानेवारी

आज मीही बोट चालवून बघितलं. मला एक बाकडं पाहिजे होतं, यादीत सापडेना. शिवांजलीनं दाखवलं, त्याचं तिथलं नाव 'आसन व्यवस्था'! बाकड्याला बाकडं म्हणायला यांना काय होतं? उचललं आणि चौकातल्या लिंबाखाली ठेवलं. छान दिसलं.

कुणासाठी ठेवलं ते इथं लिहिते, बाहेर कुणाला सांगितलेलं नाही. शांतम्मासाठी. तिचं घर किल्ल्याकडं, आमचं पार दुसऱ्या टोकाला, चौक मधोमध. वर्षानुवर्षं संध्याकाळी ती चालत आमच्याकडं यायची. माहेर सास्तूरचं, मराठी बोलता बोलता कानडीत घसरायची. आमच्याच पायरीवर बसून मलाच म्हणायची, "कुंद्रु ग लीला." म्हणजे बस. घर माझं, आणि बसायला सांगणार ही!

दिवाळीआधी सोलापूरला गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणतात, चाला. ती म्हणते, मधेच पाय थरथरला तर टेकू कुठं? खरंच कुठं? पारावर पुरुष. बब्रुवानच्या हॉटेलापुढच्या खुर्च्यांवर पुरुष. आमचे हे, गाव ज्यांना भाऊ म्हणतं ते निवृत्त तलाठी, त्याच खुर्च्यांवरचे मानकरी. बाईमाणसानं चौकातून फक्त पुढं जायचं, थांबायचं नाही. तिची सून म्हणाली, प्लास्टिकचं स्टूल घेऊन जा. त्यावर शांतम्मानं तिच्याकडं असं बघितलं की स्टूल परत माळ्यावर गेलं.

मी जाते तिच्याकडं. पण परवा म्हणाली, "तू यायलीस, म्या पडून बोलायलेय. हे काय भेटणं झालं व्हय?" आणि भिंतीकडं तोंड केलं. मला फार वाईट वाटलं. ते तोंड परत इकडं वळवायचंय मला.

गुरुवार, ९ जानेवारी

बाकडं गायब! तिथं मोटारसायकलींचा तळ. बब्रुवानचं म्हणणं, बाकडं ठेवलं की रिकामटेकडे येऊन बसतात. हे त्याच्याच खुर्चीत सकाळपासून बसून ऐकत होते. मान डोलावली सुद्धा.

मी बाकडं परत ठेवलं.

शुक्रवार, १० जानेवारी

पुन्हा मोटारसायकली.

शनिवार, ११ जानेवारी

पुन्हा बाकडं. माझं बोट काही दुखत नाही.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. बब्रुवान घरी आला, तिळगूळ दिला आणि म्हणाला, "बाई, तिळगूळ घ्या अन् बाकडं सोडा." लाडू खाल्ला. बाकडं सोडलेलं नाही.

शिवांजलीकडून एक गोष्ट कळली. बऱ्याच जणांनी एकदम बोट धरलं तर टेबलावरची वस्तू 'पक्की' होते. मग ती कुणाला पुसता येत नाही, फक्त सरकवता येते. बऱ्याच जणांनी! मी हळूच विचारलं, बऱ्याच जणी चालतील का?

शुक्रवार, १७ जानेवारी

यंदाचं हळदीकुंकू हॉलमध्ये केलं! घरात जागा नाही म्हणून सांगितलं. सगळ्या गल्लीला बोलावलं, सवाष्ण-बिवाष्ण काही बघितलं नाही. वाणाला चहाची गाळणी. आधी सगळ्या लांबूनच बघत होत्या, काय तरी फुटलं-बिटलं तर! मग हरणाबाईनं पदराला बोट पुसून एक दिवा उचलला आणि शाळेच्या बोळात लावला. झालं. नंतर कुणाला आवरता येईना. बायकांची मुतारी कुठं हवी यावर तर असं कडाक्याचं भांडण झालं की शिवांजली आ वासून बघत राहिली. तिला वाटलं असेल या विषयावर सगळ्या लाजतील.

शेवटी मी म्हटलं, बायांनो, बाकड्यावर बोट ठेवा. तिळगुळानं चिकट झालेली सगळी बोटं एकदम. टेबल टिंग वाजलं. पक्कं! आता बब्रुवान, पूस बघू.

रविवार, १९ जानेवारी

आज हसून हसून पोट दुखलं.

शिवांजलीनं सगळ्यांना चौकात नेलं आणि हातात टॅब दिले. टॅब डोळ्यांसमोर धरला की खरा चौक दिसतो आणि त्यात टेबलावरच्या आपल्या वस्तूही दिसतात, जागच्या जागी. लिंबाखाली माझं बाकडं! उन्हात त्याची सावली सुद्धा पडलेली. बब्रुवान टॅब धरून चालत होता तो नसलेल्या बाकड्याला वळसा घालून गेला. परत येतानाही वळसा. बाकडं नको म्हणणाराच त्याला वाट देतोय!

आणि मग मी. मी बघत बघत मागं सरकले आणि अगदी सहज, दमल्यासारखं झालं म्हणून, बसायला गेले. बाकड्यावर! खाली काहीच नव्हतं. हे कुठून आले कोण जाणे, दंडाला धरून मला वरच्या वर सावरलं. भर चौकात! लग्न झाल्यापासून चौकात यांनी माझा हात धरल्याचं आठवत नाही. सगळे बघत होते. यांचे कान लाल.

शिवांजली उद्यापासून टॅब घेऊन घरोघरी जाणार आहे, ज्यांना हॉलपर्यंत येता येत नाही त्यांच्याकडं. टॅबवर बोट फिरवलं की टेबलावरही फिरतं. पहिलं नाव मी शांतम्माचं दिलं.

मंगळवार, २१ जानेवारी

बाकडं हललं.

लिंबाखाली नाही. थोडं पुढं, किराणा दुकानाच्या बाजूला. पुसता येईना म्हणून आता सरकवायला लागले वाटतं.

मी परत लिंबाखाली आणलं.

बुधवार, २२ जानेवारी

आज किराणा दुकान ओलांडून पुढं. चौकातून बाहेर! शिवांजलीला विचारलं, कोण हलवतंय? ती म्हणाली, टेबल कुणाचं नाव ठेवत नाही, म्हणून तर लोक मोकळेपणानं बोट लावतात. पण हे सांगताना तिनं माझ्याकडं बघितलं नाही. या खुर्चीवाल्यांनी तिलाही फितवलं की काय?

परत आणलं.

शांतम्माकडं आठवडाभर जाणं झालं नाही. तिच्यासाठीच भांडतेय आणि तिच्याकडंच जायला वेळ नाही, हे माझं मलाच कळतंय.

शुक्रवार, २४ जानेवारी

बाकडं आमच्या गल्लीच्या तोंडाशी, मारुतीच्या देवळापाशी. तिथं कुणाला पाहिजे? बब्रुवान आईची शपथ घेतो. बब्रुवान शपथा फार घेतो.

मी आज परत ठेवलं नाही. बघू तरी, नेतात कुठंपर्यंत.

शनिवार, २५ जानेवारी

आमच्या दारात!

टेबलावर आमच्या घराच्या पायरीला लावून ठेवलंय, अगदी चिकटून. आता अर्थ स्पष्ट आहे. बाकडं पाहिजे ना बाई? घ्या, आपल्या दारात घ्या. बसा घरात. चौकात कशाला येता? तोंडावर बोलायची हिंमत नाही म्हणून बाकडं दारात आणून ठेवलं.

घरी आल्या आल्या यांच्यावर तोंड सोडलं. तुमच्याच खुर्च्यांवर हे शिजलंय, तुमच्याच घरापुढं आणून ठेवलंय आणि तुम्ही चहा पीत बसलाय. यांनी पेपर खाली ठेवला. म्हणाले, "मी कशाला हलवू? त्या दिवशी तू पडता पडता वाचलीस, तवापासून मलाच वाटायलंय, तिथं बाकडं व्हावं म्हणून." मी म्हटलं, सगळं कळतंय मला. काही कळलेलं नव्हतं, पण सुरू केलेलं भांडण मधेच कसं सोडायचं?

रात्री भाजीत मीठ नव्हतं. यांनी तशीच खाल्ली.

रविवार, २६ जानेवारी

झेंडावंदनाला शाळेत गेले. हॉलकडं फिरकले नाही. रुसले आहे. कुणाला कळलेलं दिसत नाही.

सोमवार, २७ जानेवारी

राहवेना, गेले. टेबलाभोवती ही गर्दी, आणि सगळे हसतायत. आमच्या दारातल्या बाकड्याला कुणीतरी नाव दिलंय. 'आसन व्यवस्था' पुसून बोटानं वाकडंतिकडं लिहिलंय. बब्रुवान मोठ्यानं वाचत होता, "कुंदरू! कुंदरू म्हंजी तोंडली की. बाईनं दारात तोंडल्याचा गाळा टाकला!"

मी चष्मा लावून वाचलं.

कुंदरू नव्हतं. 'कुंद्रु' होतं.

बस ग, लीला.

मी होते तिथंच बसले. खुर्ची कुणीतरी मागं सरकवली, हेच असणार. शिवांजलीकडं बघितलं तर ती हसू दाबत होती. लबाड! मी तशीच उठले, किल्ल्याकडं निघाले. तिनं दारात हात धरला. म्हणाली, "बाई, आज नका जाऊ. त्यांना तुमच्याकडं यायचंय. उद्या दुपारी घरीच थांबा."

बब्रुवानला कुंद्रुचा अर्थ सांगितला नाही. राहू दे तोंडलीच.

यांची माफी मागितली नाही. आमच्यात तशी पद्धत नाही. गरम भाकरी वाढली, वर तुपाची धार सोडली, भाजीत मीठ टाकलं. यांनी ताटाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "सापडला वाटतं चोर."

मंगळवार, २८ जानेवारी

दार उघडलं. पायरीवर शांतम्मा.

घामाघूम. काठी भिंतीला टेकवलेली. शिवांजली जरा मागं उभी, तिच्या काखेत ते प्लास्टिकचं स्टूल. गावातले पुरुष दुपारी झोपतात तेव्हा दोघी रोज चालत होत्या म्हणे. शनिवारी पायरीपर्यंत आल्याही होत्या, तेव्हा मी हॉलमध्ये. शांतम्मा म्हणाली, "जिथं पाय थांबला तिथं बाकडं ठेवत आले. तू मेली रोज मागं न्यायचीस. मला वाटायचं, लीलाला म्या नकोच झाले की काय."

मी शेजारी बसले आणि दोघी रडलो, मग हसलो.

आत हे चहा करत होते. साखर कुठं आहे म्हणून दोनदा विचारलं.

शांतम्मा म्हणाली, आता ते बाकडं लिंबाखाली परत नेऊन ठेव. जाताना टेकायला लागेल.