मोडलेला दस्ता

८ जानेवारी, सोमवार

मोडली! पणजोबांची ठासणीची बंदूक माझ्या हातून मोडली. लाकडी दस्त्याचे दोन तुकडे, बरोबर मानेत, जिथे मूठ धरतो तिथे.

वानरांची टोळी आंब्याच्या मोहोरावर आली होती. बार काढायला धावले, जांभ्याच्या पायरीवरून पाय सटकला. बंदूक खाली, मी वर. वानरं फांदीवर ओळीने बसून बघत होती. तीस वर्षं शाळेत शिकवलं — एवढ्या लक्षपूर्वक एकाही वर्गाने माझ्याकडे पाहिलं नाही.

गुडघा सुजलाय. कुणाला सांगणार नाही.

९ जानेवारी

बाळाचा मुंबईहून फोन. धाकटा भाऊ, पण बोलतो थोरल्यासारखा. "ताई, साठीला आलीस. जमा कर ती बंदूक पोलीस ठाण्यात. फटाके वाजव, वानरं पळतात."

पळत नाहीत. फटाक्याला ती आता मागे वळूनसुद्धा बघत नाहीत.

सात फेब्रुवारीला परवान्याच्या नूतनीकरणाची पाहणी आहे. मोडकी बंदूक नेली तर परवाना गेलाच म्हणायचा. वडिलांनी, आबांनी, तो बाळाच्या नाही, माझ्या नावावर करायला लावला होता. "बाग ही राखते, बंदूकही हिचीच." त्यांच्या आजारपणात माझं लग्न राहून गेलं, त्याची भरपाई म्हणून असेल. काही का असेना, जमा करणार नाही!

११ जानेवारी

नळी आणि बाकीचं लोखंड काढून घरी कुलपात ठेवलं. लाकडाचे तुकडे चादरीत गुंडाळून एसटीने हातखंब्याला.

कंडक्टर म्हणाला, "बाई, काय आहे?"

"मुसळ."

"दोन तुकडे?"

"म्हणून तर चाललेय!"

सुताराचं नाव काशीराम. पूर्वी मिरकरवाड्याला होड्या बांधायचे. फायबरच्या होड्या आल्या तसं हायवेला दुकान टाकलं. बासष्ट-त्रेसष्टचे असावेत. बायको जाऊन सहा वर्षं झाली — हे शेजारच्या चहावाल्याने सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

तुकडे फिरवून बघितले, नाकाला लावून वास घेतला. "शिसव आहे. मोडली कशी?"

"पडली."

"एकटीच पडली, की सोबत कोण होतं?" — माझ्या गुडघ्याकडे बघत! आगाऊ माणूस.

"कधी मिळेल?" तर म्हणे, "बगू." बगू हे उत्तर नव्हे. वर्गात असतं तर बाकावर उभं केलं असतं.

१५ जानेवारी, संक्रांत

काम कुठवर आलं ते बघायला गेले. पूर्वी कुणीतरी त्याच मानेवर पत्र्याची पट्टी ठोकलेली. तिचे चार खिळे काशीराम एकेक करून उपटत होते, दातांच्या डॉक्टरसारखे.

"हे कुणी केलं?"

"आमच्या आजोबांनी असेल."

"माणूस चांगला असेल. सुतार वाईट."

हसू आलं. दाखवलं नाही. तिळगूळ दिला आणि म्हटलं, "गोड बोला आणि लवकर करा."

"दोन्ही एकदम नाय जमायचं, बाई."

१८ जानेवारी

वानरांनी नऊ शहाळी पाडली. प्यायलं एकही नाही.

२३ जानेवारी

आज जोड बसला. आतून शिसवाचीच खुंटी घालतात, बाहेरून दिसत नाही. मग दोन नळ्यांतला चिकट पदार्थ कालवून लावला आणि शिकंज्यात आवळलं. त्यांचे हात चालतात तेव्हा तोंड बंद असतं. हे मात्र चांगलं आहे.

"आता दोन दिवस हात लावायचा नाय. बगायला पन येऊ नका."

२४ जानेवारी

गेले. हातखंब्याला माझं काम होतं. म्हणजे, असू शकलं असतं.

२७ जानेवारी

लाकडावर जुने खड्डे होते. काशीरामनी त्यांवर ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री दाबली. वाफ आत जाते आणि दबलेलं लाकूड फुगून वर येतं! डोळ्यांदेखत खड्डा नाहीसा.

"गुडघ्याला पन वाफ घ्या," म्हणाले. "इस्त्री नको."

मग सांगूनच टाकलं. पायरी, वानरं, मी कशी आडवी, सगळं. हसता हसता ते भुश्यात खालीच बसले. डोळे पुसले. मला राग यायला हवा होता. मीही हसले — पोट दुखेपर्यंत. घरी आल्यावर आठवायला लागले, याआधी अशी कधी हसले होते. आठवलं नाही.

३१ जानेवारी

आता जवसाचं तेल. रोज एक हात, तळव्याने चोळून. असे पाच-सहा हात!

"सात तारखेला पाहणी आहे!"

"पाचला देतो."

घावन नेले होते डब्यातून. उपाशी सुताराकडून काम होत नाही, एवढंच. त्यांनी सगळे खाल्ले, मग म्हणाले, "मीठ कमी." उद्या बघतेच.

१ फेब्रुवारी

मीठ बरोबर होतं. तरी म्हणाले, "कालचे बरे होते."

५ फेब्रुवारी, सोमवार

मिळाला दस्ता. काळाभोर, तुकतुकीत. जोड कुठे आहे तो शोधा म्हणाले. चष्मा लावून पाहिलं, अंगठा फिरवून पाहिला. नाही सापडला. मी हरले, तसे लहान मुलासारखे खूश झाले.

मग म्हणाले, "झालं. आता यायचं काय कारण नाय तुमाला."

"नाही," मी म्हटलं.

दोघंही रस्त्याकडे बघत राहिलो. एसटी आली.

७ फेब्रुवारी

पाहणी पार पडली. परवाना राहिला. साहेबांनाही जोड दिसला नाही. बाळाला कळवलं. "ताई, आता तरी निवांत राहा!"

निवांतच आहे.

१० फेब्रुवारी

वानरं आली. एक बार काढला. धूर, आवाज — टोळी पार व्हाळाच्या पाण्यापलीकडे. आबा असते तर पाठ थोपटली असती. नुसती दस्ता धरून पायरीवर बसून राहिले. एवढं पक्कं काम कशाला करायचं माणसाने! आता पन्नास वर्षं काही व्हायचं नाही याला.

१२ फेब्रुवारी

सकाळी दार आतून लावून जेवणाच्या टेबलाचा एक पाय कापला. जुना साग, अर्धा तास करवत चालवली. उद्यासाठी टेम्पो सांगितलाय. करवतीची खूण काशीरामना बघताक्षणी ओळखू येणार. येऊ दे.