भट्टीवरचा सेन्सर

४ ऑगस्ट
मावशीने भट्टीवर मदतीला असलेल्या, तिला आई म्हणणाऱ्या देदेईला कामावरून काढलं. भट्टीवर धुरी द्यायला ठेवलेल्या माशांची आख्खी जाळी करपली म्हणून. देदेई लाकडं आणायला गेली होती, परत येईपर्यंत कोळसा झालेला. मावशी भट्टीपाशीच बसून होती, तरी ओरडली मात्र तिच्यावर — "जाताना जाळी पालटायला काय झालं होतं गं?" सगळ्या चोरकोर वस्तीने ऐकलं. देदेई अवाक्षर बोलली नाही. फडकं झटकलं आणि गेली.

७ ऑगस्ट
मावशीचा खोकला वाढलाय. धुराचं काढलं की उत्तर ठरलेलं — "या धुरावरच शिकलीस ना?" आता तोंडाने नाही, आकड्याने सांगायचं. गॅस ओळखणारा स्वस्तातला सेन्सर आणलाय, अंगठ्याच्या पेराएवढा; आकडा चढला की वाजायला बझर जोडलाय. आतली तार तापते, मग तो हवा हुंगतो. आधी दिवसभर नुसता तापवत ठेवायचा. तोवरचे आकडे खोटे.

९ ऑगस्ट
भट्टीवर टांगला. आकडा चढतच गेला, बझर थांबेना.
"गप्प कर त्याला. गिऱ्हाईक पळेल," मावशी म्हणाली.
संध्याकाळी स्वयंपाकघरात लावला. मावशीने अंगाला अत्तर लावलं — बोंब. शेजारीण दारूची बाटली घेऊन आली — बोंब. खरंच आहे, कशाचा वास ते त्याला कळत नाही. काहीतरी आहे एवढंच सांगतो. मावशी पोट धरून हसली. "अगदी आपला पाद्री! त्यालाही सगळ्यातच पाप दिसतं."

१० ऑगस्ट
चूक कळली. स्वच्छ हवेतला आकडा आधी घ्यायला हवा होता, नाहीतर जास्त म्हणजे कशापेक्षा जास्त? किनाऱ्यावर घेऊन गेले. कोळी जाळी सोडून बघत बसले.

१३ ऑगस्ट
वायर सुटून स्वयंपाकघरातला बझर मुका झाला होता. मावशीनेच विचारलं, "आज तुझं ते बोलत का नाही?" जोडून दिल्यावरच उठली.

१६ ऑगस्ट
कामावरून आले तर बझर अंगणात ऐकू येत होता. दारातच गॅसचा भपका. सिलिंडरची नळी निसटलेली, आणि त्याच्या शेजारी मावशी निवांत कांदा चिरतेय.
"बघ, मघापासून उगाच केकाटतंय," म्हणाली आणि काडेपेटीकडे हात नेला.
पेटी हिसकावली. सिलिंडर बंद केला, तिला ओढत अंगणात आणलं.
"मावशी, तुला वास आला नाही?"
ती हातातली कांद्याची साल चुरगाळत राहिली. "दोन हंगाम झाले. कशाचाच येत नाही." मग हळूच, "बाजारात बोलू नकोस."
बाजारात मावशीची ख्याती तिच्या नाकावरच आहे. मासा कधी उतरवायचा ते ती वासावरून सांगते, असं सगळे म्हणतात. मला ती करपलेली जाळी आठवली. तिलाही आठवली असावी. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

१७ ऑगस्ट
सकाळीच मावशी देदेईच्या दारात गेली. मीही सोबत. उंबऱ्यातूनच म्हणाली, "जाळी माझ्यामुळे करपली. मला वासच येत नाही."
देदेई केंकीच्या, आंबवलेल्या मक्याच्या उंड्यांवरची पानं सोडवत होती. हात थांबले नाहीत.
"ठाऊक आहे मला, आई. पण नाक गेलेल्या बाईचा मासा कोण घेईल? म्हणून तर गप्प बसले."