उलटा सोफा

एर्मान्नो,

चिठ्ठी दाराबाहेर लावतेय, वाचूनच आत ये. कांतूहून आणलेला आपला नवा सोफा बाबांनी उलटा करून खालचं कापड फाडलंय. जन्मभर खुर्च्या बनवलेला माणूस, खालून बघितल्याशिवाय बसतोय कशाला! "कुठल्या गाढवाने बांधलाय हा?" म्हणाले, आणि नव्याने बांधायला घेतला. मी हात धरला, तर म्हणतात, "पोरी, कारखान्यात नवीन आहेस का?" मी हो म्हटलं. दुसरं काय करणार?

मला कामावर जायलाच हवं. वरच्या पिनुच्चाबाई त्यांच्याजवळ बसल्यात. जेवायला पोलेंता झाकून ठेवलीय.

गिऱ्हाईक कधी येणार, असं बाबा सारखं विचारतायत. संध्याकाळी येईल म्हटलंय. तेव्हा किल्लीने दार उघडू नकोस, बेल वाजव. आणि आजच्या दिवस त्यांना बाबा नको, मिस्त्री म्हण.

ओर्नेल्ला