चोऱ्या का थांबल्या

४ मार्च

साहेबांचा जिल्ह्याहून फोन. ओरडलेच! "नुरीपा, साडेतीन महिने तुझ्या गावात एकही चोरी नाही? तक्रारी दाबून ठेवतेस का?" म्हटलं, दाबायला आधी यायला तर हव्यात! "मग थांबल्या कशा ते लिहून पाठव. कारणं, उपाय, सगळं. एप्रिलअखेर. बाकीच्या गावांच्या उपयोगी पडेल."

फोन ठेवला नि नोंदवही उघडली. खरंच की! गेल्या वर्षी जानेवारीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत सदतीस चोऱ्या. घोडे, मेंढ्या, शाळेचा कोळसा, विजेच्या तारा. एकदा तर दोरीवर वाळत घातलेला कोट. आणि सोळा नोव्हेंबरपासून पान कोरं.

चोरीचा तपास कसा करायचा ते शिकवलंय मला. न झालेल्या चोरीचा कसा करतात?

६ मार्च

गावभर विचारत हिंडले. उत्तर ज्याच्या त्याच्याकडे तयार!

गावप्रमुख — "मी चौकात दिवे लावले ना." (दिवे लागले डिसेंबरात. चोऱ्या त्याच्या आधीच बंद.) इमाम — "शुक्रवारची प्रवचनं." (ती तर तीन वर्षं चालू आहेत.) शाळेच्या मुख्याध्यापिका सायराबाई — "व्हॉलीबॉल! पोरं दमतात, जेवतात, झोपतात."

घरी सासऱ्यांना विचारलं. बशीतला चहा फुंकत म्हणाले, "थंडी फार होती यंदा."

मागच्या वर्षी काय ऊन पडलं होतं?

९ मार्च

आजही काही नाही. चोरी होत नाही म्हणून पोलिसाला चैन पडत नाही — कोणाला सांगायची सोय नाही.

१३ मार्च

सायराबाईंनी गंमत सांगितली. डिसेंबरात एका सकाळी शाळेच्या दाराशी कोळशाची दोन पोती. सप्टेंबरात गेली होती तीच, शाळेचा शिक्का असलेली! मग सुताराचं ड्रिल मशीन त्याच्या कुंपणावर लटकवलेलं सापडलं. तो कोटसुद्धा परत आला म्हणे, धुऊन.

"मला का नाही सांगितलंत?"

"माल मिळाला, मग तक्रार कसली? उगाच तुला ताप."

चोरी थांबणं समजू शकते. चोराला परत द्यावंसं का वाटावं? आणि तेही एकेकाच्या दारात!

१७ मार्च

उलटा विचार केला. सोळा नोव्हेंबरच्या सुमाराला गावात काय बदललं? एकच सापडलं — तालाय गेला.

तालाय, म्हाताऱ्या बुरमा-आपाचा मुलगा. चार वर्षांपूर्वी घोडा चोरल्याबद्दल पकडला गेला, दोन वर्षं आत होता. परत आल्यापासून कुठेही काही गेलं की तालाय. माझ्याच नोंदवहीत सदतीसपैकी सदतीस ठिकाणी 'संशय : तालाय'. अक्षर माझं. पुरावा एकदाही नाही.

पाच जणांना विचारलं, कुठे आहे तो? पाचही जण म्हणाले, "रशियाला गेला. बरं झालं." शब्दसुद्धा तेच. कुठल्या शहरात, कोणालाच ठाऊक नाही. माझा नवरा नोवोसिबिर्स्कला ट्रक चालवतो, तर तो कितव्या मजल्यावर राहतो हेही या गावाला पाठ आहे!

२२ मार्च

काल नौरोझ, नव्या वर्षाचा सण झाला. आज सुमोलोकचा, सणाच्या गव्हाच्या खिरीचा वाडगा घेऊन बुरमा-आपाकडे गेले. घर गार. गणवेश बघून उठून उभी राहिली बिचारी.

"बसा आपा. तालायचा फोन येतो का?"

"नाही. रशियात आहे म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"सगळेच." मग वाडग्याकडे बघत — "पोरी, त्याने घोडा चोरला होता. मी नाही म्हणत नाही. त्याचा बाप आजारी होता, तालुक्याला न्यायचं होतं, कोणी गाडी देईना. घोडा घेऊन निघाला, वाटेत बाप गेला. मग परत करायची लाज वाटली म्हणून बाजारात विकला. पण पुढचं सगळं त्याच्या माथी का? उन्हाळ्यात तर त्याचा पाय प्लास्टरमध्ये होता, इस्पितळात!"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं त्याने घोडा का नेला. मी कधी विचारलंच नव्हतं.

२४ मार्च

तालुक्याच्या इस्पितळात जाऊन नोंद बघितली. पाच जुलै ते अठ्ठावीस ऑगस्ट. पलंग चौदा. त्या दिवसांत गावात अकरा चोऱ्या.

मोडक्या पायाने, चाळीस किलोमीटरवरून!

म्हणजे गावात चोर पुष्कळ होते. साधे, शेजारपाजारचे. कोणी कोळसा नेला, कोणी तार. तालाय आहेच म्हटल्यावर बाकीच्यांना मोकळं रान. मग तो गेल्यावर तेही का थांबले?

२८ मार्च

कळलं.

दुपारी तबेल्यात सासरे घोडीला खरारा करत होते. मी सरळ विचारलं, "बाबा, तालाय कुठे आहे?"

"तू सून म्हणून विचारतेस की पोलीस म्हणून?"

"मला माहीत नाही."

बराच वेळ घोडीकडे तोंड करून बोलले. पंधरा नोव्हेंबरला पाच जणांनी त्याला घोड्यावर बसवलं. खिंडीपर्यंत नेलं. फोन काढून घेतला. "पलीकडे उतर. परत आलास, कोणाला फोन केलास, तर तुझी आई या गावात राहणार नाही." आणि घोडा घेऊन माघारी आले. पाचांत सासरेही. उतरता उतरता बर्फ सुरू झाला. तीन दिवस पडत होता.

"मागे वळला नाहीत?"

"कोणी तरी म्हणेल, वळू या, म्हणून प्रत्येक जण थांबला होता. कोणी म्हटलं नाही."

मग म्हणाले, "दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाला कळलं. ज्याच्या घरात चोरीचा कोळसा होता त्यालाही. त्याला तो कोळसा पेटवता येईना, पोरी. आपल्या पोत्यापायी माणूस बर्फात गेला — असं वाटून कोणाची शेगडी पेटते?"

दिवे नाहीत, प्रवचन नाही, व्हॉलीबॉल नाही. हे साहेबांना लिहू? उपाय म्हणून?

३० मार्च

दोन दिवस घरात मी आणि सासरे एकमेकांना फक्त "चहा?" एवढंच विचारतो.

नवऱ्याला फोनवर सांगितलं. म्हणाला, "नुरीपा, ते माझे वडील आहेत." मग, "तोही बुरमा-आपाचा मुलगा आहे." फोन ठेवला त्याने.

२ एप्रिल

सकाळी कार्यालयात बसले होते. दार उघडलं — सासरे. पांढरी कलपाक टोपी, लग्नाकार्यात घालतात तो कोट. समोरच्या खुर्चीत बसले.

"लिही."

"बाबा, वकील—"

"लिही म्हटलं ना. आसानाली, वय एकाहत्तर. बाकीच्या चौघांची नावं त्यांची ते सांगतील. न सांगितली तर मी सांगेन."

दुपारपर्यंत तिघं आले. चौथ्याला सासऱ्यांनी घरातून आणलं. साडेचार महिन्यांतला पहिला गुन्हा. लिहिताना माझं अक्षर मला ओळखू येईना. तालायच्या आईला सांगायला मीच गेले. बुरमा-आपा ओरडली नाही. "रशियात आहे म्हणत होते," एवढंच परत परत.

१५ एप्रिल

खिंडीतला बर्फ वितळतोय. दोनदा माणसं पाठवली. गावातले न बोलावता आले, फावडी घेऊन. काही सापडलं नाही. पलीकडच्या खोऱ्यातल्या ठाण्यांना, इस्पितळांना तालायचा फोटो पाठवलाय. कशाच्या आशेवर, मलाच ठाऊक नाही.

सकाळी बुरमा-आपाच्या दाराशी बघते तर कोळशाची रास. अंगणापासून रस्त्यापर्यंत. कोणी आणून टाकला, कोणीच बोलत नाही. तिने एक ढेकूळही आत नेलेलं नाही.

२६ एप्रिल

पलीकडच्या इस्पितळातून नर्सचा फोन. फोटोतला माणूस आहे! नोव्हेंबरात एका मेंढपाळाला बर्फात सापडला, हिवाळाभर त्या इस्पितळातच होता. दोन्ही पायांची बोटं गेली. नाव विचारलं की खोटं सांगायचा, आईला गावातून काढतील म्हणून.

तिने फोन त्याच्या कानाला लावला. मी माझं नाव सांगितलं. तो हळूच — "नुरीपा-बाई, मी परत येऊ शकतो का? तिथं काही चोरीला तर गेलं नाही ना?"