देण्याच्या कपाटात जाऊ नये अशा वस्तूंबाबत

मी, खाली सही करणारी, वय चौतीस, मोजमापाची उपकरणे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे आणि मला कोणी भरीस घातलेले नाही. येत्या सोमवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. डॉक्टरांनी धोका शंभरात तीन सांगितला आणि वर "फार नाही" म्हणाले. आमच्याकडे शंभरात तीनची चूक निघाली तर उपकरण वापरातून काढतात. म्हणून हे मृत्युपत्र. यापूर्वी मी केलेले नाही.

१. राहत्या घरातला माझा अर्धा हिस्सा आणि बँकेतली शिल्लक नवऱ्याला मिळावी. त्याच्याबद्दल माझी तक्रार एकच आहे, ती कलम तीनमध्ये येईल.

२. माझे कपडे आणि पुस्तके धाकट्या बहिणीने आठ दिवसांच्या आत घेऊन जावीत. मुदत का घातली ते पुढच्या कलमावरून कळेल.

३. आमच्या पॅसेजमध्ये एक लाकडी कपाट आहे. घरातले सगळे त्याला देण्याचे कपाट म्हणतात. कोणाला काहीही भेट आली की ती सासूबाईंना दाखवायची, आणि आठवड्याभरात ती त्या कपाटात जाते. पुढे कोणाचे लग्न, कोणाचा वाढदिवस निघाला की तिथूनच बाहेर पडते. वेष्टनाचा कागदसुद्धा इस्त्री करून पुन्हा वापरतात. माझ्या लग्नात आलेल्या वस्तूंपैकी आज घरात भिंतीवरचे घड्याळ तेवढे उरले आहे, कारण ते बंद पडले.

कामामुळे मला प्रत्येक वस्तूच्या तळाला क्रमांक चिकटवायची सवय आहे. त्यामुळे खात्रीने सांगते, की क्रमांक चौदाचा काचेचा जग माझ्या मुलीच्या पहिल्या वाढदिवसाला एका घराकडून आला आणि तिसऱ्या वाढदिवसाला दुसऱ्या.

लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी एकदा विषय काढला होता. सासूबाई म्हणाल्या, "अगं, तू वापरणार होतीस का? नुसतं पडून राहिलं असतं."

नवरा म्हणाला, "जाऊ दे ना. आई आहेच तशी."

हीच ती तक्रार.

४. मायक्रोमीटर. पत्र्याची, तारेची जाडी मोजायचे हे हातातले उपकरण. माझे वडील कारखान्यात लेथवर काम करत. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी तो माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "झाकण सावकाश लावत जा." एवढेच. दोन महिन्यांनी ते गेले.

डबी निळ्या मखमलीची आहे, तिनेच घात केला. मी बाळंतपणासाठी दवाखान्यात असताना ती सासूबाईंच्या नजरेत भरली आणि नणंदेच्या दिराच्या नव्या घराला भेट म्हणून गेली. मी परत आले, ड्रॉवर उघडला, सासूबाईंना विचारले.

"ते लोखंडी होतं होय? मला वाटलं, पेन असेल."

नवऱ्याला म्हटले, मागून आण. तो म्हणाला, "दिलेली वस्तू परत मागायची? तोंड कसं दाखवायचं त्यांना?"

चार वर्षांनी मला बढती मिळाली, तेव्हा नणंदेच्या त्याच दिरांनी एक पुडके आणले. "वहिनी, तुमच्या लाइनीतलं काहीतरी आहे बघा. आम्हाला काय कळतंय त्यातलं!" कागद इस्त्री केलेला होता. डबीच्या तळाला माझा क्रमांक एक. मी आभार मानले आणि आत जाऊन तपासले. शून्यावर दोन मायक्रॉनचा फरक दाखवत होता. वडिलांच्या हातातही तेवढाच दाखवायचा.

तेव्हापासून तो प्रयोगशाळेत माझ्या कुलपाच्या ड्रॉवरमध्ये आहे.

५. या कलमात कोणाला काही दिलेले नाही, पण पुढची दोन कलमे त्याच्याशिवाय समजणार नाहीत.

गेल्या शुक्रवारी मी खोलीतल्या वस्तूंची यादी करत होते. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "एवढे नंबर कशाला गं?"

"काय कोणाचं ते कळावं म्हणून."

त्या पलंगाच्या कडेला बसल्या. "मला माझ्या वडिलांनी शिलाईचं मशीन दिलं होतं. पायाचं. वर्ष झालं नसेल, माझ्या नणंदेच्या लग्नात देऊन टाकलं. मी नुसतं बघितलं त्याच्याकडे, तर माझ्या सासूबाई म्हणतात, तू वापरणार होतीस का?"

"वापरणार होतात?"

"रोज वापरत होते." मग उठता उठता म्हणाल्या, "तेव्हापासून मी कशात जीव अडकवतच नाही, बाई."

"तू वापरणार होतीस का" हेच वाक्य त्यांनी मला ऐकवले होते, हे त्यांच्या लक्षात आले की नाही, मी विचारले नाही.

६. माझ्या खोलीतले लोखंडी कपाट कुलपासह सासूबाईंना द्यावे. चावी एकच आहे. दुसरी कोणीही करून घेऊ नये, नवऱ्याने नाही आणि नणंदेनेही नाही. आत काय ठेवायचे ते त्या ठरवतील. त्यांना कोणी विचारू नये.

७. मायक्रोमीटर माझ्या मुलीचा. ती आज सहा वर्षांची आहे. अठरा पूर्ण झाली की तो तिच्या हातात द्यावा. तोपर्यंत सासूबाईंनी तो कलम सहामधल्या कपाटात सांभाळावा आणि वर्षातून एकदा तेल घालावे. ज्यांनी ही वस्तू एकदा देऊन टाकली, त्यांच्याकडेच मी ती ठेवते आहे. हे चुकून लिहिलेले नाही.

सहीच्या वेळची नोंद : साक्षीदारांना चहा देऊन झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, "आण, मीपण करते सही." ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये, असे मी सांगितले.

"म्हणजे मला काही ठेवलंयस तू?"

"हो."

"मग ते मी पुढे कोणाला..."

"कोणालाही नाही."

मी त्यांना कलम सहा आणि सात वाचून दाखवले. त्यांनी रिकामे कप एकात एक रचले. मग विचारले, "तेल कुठलं घालायचं त्याला?"

ते कलमात राहून गेले होते, म्हणून इथे लिहिते. घड्याळाचे तेल, एकच थेंब. आणि झाकण सावकाश लावावे.

लिहून देणार : (सही)

साक्षीदार, दोघींनी माझ्यासमोर आणि एकमेकींसमोर सही केली :
१. प्रयोगशाळेतली सहकारी, वजन विभाग. ड्रॉवरची चावी आजपासून हिच्याकडे. (सही)
२. वरच्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टर (सही)

ठिकाण : राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक : अकरा मार्च, मंगळवार