देव्हाऱ्यातलं आभाळाचं लोखंड

आबा, तुम्ही लढाईवर गेलात तेव्हा मी परकर-पोलक्यात होते. आता नातवंडांना दटावते. तुम्ही वाळवंटात बेपत्ता झाल्याचं सरकारी पत्र आलं, आणि पाठोपाठ तुमच्या पलटणीतला सोबती रजेवर साताऱ्याला आला. त्याने ओसरीवर एक काळा गोळा ठेवला. कैरीएवढाच, पण उचलला की हात खाली जायचा. "वैनी, तुमच्या मालकास्नी ह्ये वाळूत गावलं हुतं. सायेब म्हनला, आभाळातनं पडल्यालं लोखंड हाय, लाखात एखाद्याला गावतं. तिकडं पाऊस न्हाई, म्हनून इतकी वर्सं टिकलं." त्या साहेबाने ते स्वतःच ठेवून घ्यायला हवं होतं, असं मला आजही चिडून वाटतं.

आईने त्यातलं 'आभाळातनं' एवढंच ऐकलं. गोळा देव्हाऱ्यात गेला, खंडोबाच्या टाकाशेजारी. पत्रात बेपत्ता लिहिलं होतं, मेले असं नाही. तेवढ्यावर तिने कुंकू राखलं होतं. "ह्ये शाबूत हाय तवर त्ये शाबूत हायती," म्हणायची. आणि देव म्हटला की आंघोळ आलीच. रोज ताम्हनात ठेवून पाणी, सणाला दूध-दही. आपल्या साताऱ्याच्या पावसाळ्यात उशीसुद्धा वाळत नाही. पहिल्याच आषाढात त्याचं पाणी तांबूस निघालं, मग पापुद्रे सुटायला लागले.

"आये, गंजतंय गं त्ये. पानी नगं घालू."

"देवाला पारोसं ठिवू व्हय?"

सांगलीहून मामा आम्हाला न्यायला आले, तर त्यांनाही तिने देव्हारा दाखवून वाटेला लावलं. लढाई संपली, पलटण परत आली, तरी ती रोज सकाळी तांब्या घेऊन बसते आहे, आणि मी मागे उभी राहून तो गोळा लहान होताना बघते आहे.

एका श्रावणात पुसता पुसता तो तिच्या हातात फुटला. आतूनही सगळा तांबडा भुगा. मग कुणी न सांगता तिने पदराने कपाळ पुसलं. तो भुगा फडक्यात बांधून आम्ही माहुलीला संगमावर नेला आणि त्यावरच तुमचे दिवस घातले.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते. भुगा पाण्यात सोडताना आई हंबरडा फोडून रडली. आबा, मला मात्र हायसं वाटलं. दाराकडे बघत जेवायचं आता संपलं, एवढंच मनात आलं.